काहीतरी खाण्यात आलं

अक्का,

तुमचं घर आवरून झालं. पेन्शनच्या कचेरीत दाखला दिला, गॅसची नोंद बदलली, विजेचं मीटर प्रमोद भाऊजींच्या नावावर करायचा अर्ज टाकला. साड्या वाटल्या. तुळस शेजारच्या कमलबाईंच्या ओट्यावर गेली. तुमची ड्युटीवरची निळी शाल मी ठेवून घेतली, कोणाला विचारलं नाही. मला तुम्ही यादीवाली म्हणायचात, तर यादीतलं सगळं झालं. एक ओळ तेवढी तशीच आहे. त्या रविवारी मी धुळ्याला येणार होते आणि तुम्हाला काय काय सांगायचं ते डाळ मिलच्या गेटवर बसून लिहून ठेवलं होतं. 'अक्का : गुटख्याचं उत्तर सापडलं.' तुम्ही गुरुवारीच गेलात.

उत्तर सांगून टाकते, नाहीतर डोक्यात घोळत राहील. तुमचं म्हणणं असं, की महाराष्ट्रात गुटख्याला बंदी आहे, आणि तरी तो मिळत नाही अशी एक टपरी मला दाखव. बंदीनं काय झालं? माल तोच राहिला, पुडीवर छापलेल्या कशावरही विश्वास ठेवता येईना आणि विकणारा चोर झाला. यावर मी बरेच दिवस उत्तर शोधत होते. मग मिलमध्ये लक्षात आलं की आमचे हमाल आता मालकासमोर पुडी फोडत नाहीत. पोत्यांच्या थप्पीमागे जातात. लपून खायचं म्हटलं की थोडं तरी कमी खाल्लं जातं. लाज हेसुद्धा कुंपणच आहे, अक्का. हे माझं उत्तर.

आणि तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला माहीत आहे. "लपून खाणारा आजारी पडल्यावरही लपतो, रेखा."

नणंद-भावजयींची भांडणं साड्यांवरून होतात, मानपानावरून होतात. आपलं भांडण मी तुमच्या घरात लग्न होऊन आल्यापासून एकाच विषयावर चालू होतं. नशा करणाऱ्याला गुन्हेगार धरायचं की नाही? धरायचं नसेल, तर मग ती नशा कोणी, कुठं, कोणत्या नियमानं विकायची? तुम्ही सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. मी जळगावच्या डाळ मिलमधून ट्रक सोडणारी. तुम्ही माणूस खाटेवर आल्यानंतर बघितला, मी तो स्टिअरिंगवर बसण्याआधी बघते. त्यामुळे आपलं जमणं कठीणच होतं.

लग्नानंतरची पहिली महाशिवरात्र मला आठवते. देवपुरातलं तुमचं घर, ओट्याखाली स्टीलचे पेले घेऊन गल्लीतली सगळी माणसं, आणि तुम्ही पदर खोचून पाट्यावर भांग वाटताय. मी माहेरी असलं काही पाहिलेलं नव्हतं. गल्लीतल्या महादेवासाठी हे काम मामंजी करायचे. ते गेल्यावर मुलांकडे, आधी माझ्या नवऱ्याकडे, जायला हवं होतं, पण "अनिलच्या हातात माप राहत नाही" म्हणून तुम्ही ते स्वतःकडे घेतलं. माप म्हणजे अक्षरशः माप. वॉर्डात औषध द्यायची ती रेघांची प्लास्टिकची वाटी.

"नाना, तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे ना? तुम्हाला नुसती थंडाई."

"अक्का, महादेवाचा प्रसाद आहे तो! त्याला नाही म्हणतात का?"

"महादेवाले बीपी नही. तुमले शे."

सगळी गल्ली हसली आणि नाना नुसती थंडाई पिऊन, सगळ्यांत जास्त चढल्याचं सोंग करत घरी गेले.

तुमचे नियम पक्के होते. उपाशी पोटी नाही, आधी ओट्यावर बसून भगर-आमटी खायची. ज्याला मिसरूड नीट फुटलेलं नाही त्याला नाही. दुसऱ्यांदा रांगेत आलेल्याला नाही, आणि तुम्हाला चेहरे लक्षात राहायचे. मी नवी नवरी, तरी मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, मोटरसायकलवर आलेत त्यांचं काय?"

तुम्ही वरवंटा थांबवून माझ्याकडे पाहिलंत. "मग तू बस दाराशी."

तेव्हापासून दरवर्षी मी दाराशी बसले. एक डबा, त्यात चाव्या, प्रत्येक चावीला नावाची चिठ्ठी. चावी दिल्याशिवाय पेला नाही, आणि चावी दुसऱ्या दिवशी सकाळी. एकदा बँकेतले एक साहेब अडून बसले. "मॅडम, मला काही होत नाही." मी म्हटलं, "ज्यांना काही होत नाही त्यांच्याच चाव्या मी आधी घेते." आतून तुमचा हसण्याचा आवाज आला. तुम्ही हसायच्या तेव्हा बांगड्या आधी वाजायच्या आणि हसू नंतर यायचं.

मी एकदा परवान्याचं विचारलं, तर म्हणालात, "केंद्राच्या कायद्यात गांजाचा फुलोरा बसतो, पान बसत नाही. राज्याच्या कायद्यात पानालाही परवाना लागतो. महादेवाच्या कायद्यात दोन्ही नाही." पाला कुठून येतो ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मीही खोलात गेले नाही. पण दोन-तीन वर्षांनी तुम्ही मला बरोबर कोंडीत पकडलंत.

"तू नशेच्या विरोधात आहेस ना? मग हे काय चाललंय? माप मी ठरवलं, वय मी ठरवलं, आजारी माणूस मी वगळला, गाडी तू अडवलीस. मी सरकारकडे याहून जास्त काय मागते?"

"इथं तुम्ही प्रत्येकाला नावानं ओळखता," मी म्हटलं. "कोणाला बीपी आहे, कोण रांगेत परत आलाय, तुम्हाला दिसतं. सरकारनं दुकान काढलं तर त्या दुकानात अक्का बसणार आहे का?"

तुम्ही वरवंटा माझ्याकडे सरकवलात. "घोट जरा. हात दुखले माझे." तुमच्याकडे उत्तर नसलं की तुम्ही मला काम द्यायच्या. त्या वर्षी मी बरंच काम केलं.

हे सगळं आठवून आज हसू येतं. पण आपण दोघी कधीच विसरत नव्हतो की हा आपला खेळ नाही. आपल्या घरात प्रमोद होता.

तुमचा सगळ्यात धाकटा भाऊ, तुम्ही कडेवर घेऊन वाढवलेला. कॉलेजात असताना पांझरेच्या काठी मित्रांबरोबर गांजाच्या पुडीसह सापडला. पुडी लहानशी, पण केस झाली. तारखा पडत राहिल्या. लाईनमन म्हणून निवड झाली होती त्याची, पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत अडकली. मग मोटार रिवाइंडिंगचं दुकान. शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या जळालेल्या मोटरी उघडायच्या, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची. हात सोन्यासारखा. गांजा कधीच सुटला होता. पण झोप येत नाही म्हणून कोणीतरी गोळ्या दिल्या, आणि त्या मात्र सुटल्या नाहीत. येतात, जातात, परत येतात.

"गांजानं त्याचं बिघडवलं त्यापेक्षा त्या केसनं जास्त बिघडवलं," तुम्ही म्हणायचात.

"ओढला नसता तर केस झालीच नसती."

"अनिल प्रत्येक वरातीत पिऊन नाचतो. त्याची केस दाखव."

"अनिलचं नाव मध्ये आणू नका."

"का? नवरा आहे म्हणून? पम्या माझा भाऊ आहे."

तो खरं फक्त तुमच्याशी बोलायचा. दुकान बंद करून यायचा, ओट्यावर बसायचा आणि म्हणायचा, "अक्का, परवा घेतली." तुम्ही त्याचं ताट वाढायच्या. कधी मी आलेली असले, तर आतून ऐकायचे. एकदा तो झोपायला गेल्यावर मी तुमच्यावर चिडले. हे काय, नुसतं जेवायला घालायचं? चार शब्द सुनावायचे नाहीत? तुम्ही ताट विसळत म्हणालात, "मी ओरडले तर पुढच्या वेळी मला कळणार नाही. मला कळायला पाहिजे, रेखा. बाकीचं नंतर."

मग ते भाषण. तुमच्याकडच्या ज्येष्ठ नागरिकांच्या सभागृहात 'नशा : गुन्हा की आजार?' असा कार्यक्रम होता आणि तुम्ही वक्त्या. मी जळगावहून मुद्दाम रजा टाकून आले. तुम्ही छान बोललात. कागद नाही, आवाज चढवणं नाही. म्हणालात, "मी विका म्हणत नाही. आधी पकडू नका म्हणते. स्वतःपुरती पुडी बाळगणाऱ्याला आणि पोती विकणाऱ्याला एका दोरीनं बांधू नका. विक्रीचं काय करायचं ते नंतर बसून ठरवू. तिथं माप लागेल, वय लागेल, लेबल लागेल, तपासणी लागेल." मग म्हणालात, "आजसुद्धा स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट मिळण्याची सोय कायद्यात आहे. किती जणांना माहीत आहे? हात वर करा." एकही हात वर गेला नाही.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उभी राहिले.

"सोय आहे तर ती लोकांना सांगा. त्यासाठी कायदा कशाला बदलायचा? आणि दारूला परवाना आहे, दुकान आहे, लेबल आहे, वयाची अट आहे. तुमचा वॉर्ड कोणी भरला होता, बाई? दारूनंच ना? मग तसलीच आणखी चार दुकानं कशाला?"

सभागृहात टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी चष्मा खाली करून विचारलं, "आपण कोण?"

"मी यांची भावजय."

हशा थांबेना. हेडमास्तर तुम्हाला म्हणाले, "आता उत्तर द्या बरं, घरी जायचंय तुम्हाला." तुम्ही माइकपाशी आलात. चेहरा लाल, पण डोळे हसत होते. "दारूनं भरला, खरं आहे. पण दारू पिणारा वॉर्डात तरी येतो. त्याचे घरवाले सांगतात, दारू पिऊन पडला. दुसरं काही घेतलेल्याचे घरवाले काय सांगतात माहीत आहे? काहीतरी खाण्यात आलं. मी नोकरीभर हे एकच वाक्य ऐकलंय. खाण्यात काही आलेलं नसतं. पोलिस केस होईल ही भीती तोंडात आलेली असते."

टाळ्या तुम्हालाही पडल्या. मला वाटतं, बरोबरी झाली.

त्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर जळगावला राहायला आलात. एसटीत आपण पुढच्या बाजूला बसलो होतो. पारोळा येईपर्यंत तुम्ही डोळे मिटून बसला होतात. मला वाटलं, चारचौघांत उलट बोलले त्याचा राग आला. स्टँडवर गाडी थांबली, मी खाली उतरून भजी आणली, तुम्हाला कागद दिला, आणि तुम्ही तो तसाच मांडीवर ठेवलात.

"रेखा, ते वाक्य मीही बोलले आहे."

मला कळलं नाही.

"पम्यासाठी. मी ड्युटीवर असताना. त्याला बेशुद्ध आणला होता कॅज्युअल्टीत. मला माहीत होतं काय घेतलंय ते, त्याच्या खिशातला गोळ्यांचा पत्रा मीच काढून घेतला होता. डॉक्टरांनी विचारलं आणि मी म्हटलं, काल लग्नात जेवला, काहीतरी खाण्यात आलं असेल. मेट्रननं सांगितलं म्हटल्यावर कोण शंका घेणार? ते पोटाच्या मागे लागले. त्याचा श्वास मंदावत होता आणि मी तिथं उभी होते. अर्धी सलाईन संपेपर्यंत मी बोलले नाही."

"मग?"

"मग डॉक्टरला कोपऱ्यात नेऊन सांगितलं. वाचला." तुमचा आवाज एकदम खाली गेला आणि तुम्ही आपल्या बोलीत शिरलात, जशा फार दुखलं की शिरायच्या. "मना तोंडमा कायदा बठेल व्हता, रेखा. हवालदार समोर बसेल व्हता. जुनी केस होतीच त्याची. माले भेव वाटनं."

मी काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. म्हटलं, "तुम्ही घाबरलात, त्यात कायद्याचा काय दोष?" आजही ते वाक्य मला पूर्ण चूक वाटत नाही. तुम्ही रागावला नाहीत. खिडकीबाहेर कापसाची शेतं चालली होती, तिकडे बघत म्हणालात, "कायदा बदलला म्हणून माणसं लगेच खरं बोलतील असं नाही. पण खोटं बोलायचं एक कारण कमी होईल."

"आणि दुकान लागलं तर घ्यायचं एक कारण वाढेल."

तुमच्या बांगड्या वाजल्या. "चांगलं बोललीस. लिहून ठेव. पुढच्या भाषणात मीच वापरते." मग भजी खाल्लीत, गार झालेली, सगळी. हात पुसून म्हणालात, "अनिलला सांगू नकोस. आणि पम्याला तर नाहीच. त्याला वाटतं, मी त्याला वाचवलं." मी शब्द दिला.

तो शब्द मी मोडला आहे. का मोडला, तेच सांगायला बसले आहे.

तुम्हाला नेलं त्या दिवशी अमरधाममध्ये सगळे परत फिरत होते आणि प्रमोद भाऊजी नळापाशी उभे होते. हात धुऊन झाले होते तरी नळ सुरूच. मी जाऊन नळ बंद केला. तर माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, आते मी कोनले सांगू?"

मला वाटलं होतं मी म्हणेन, मला सांगा. पण ते मनाला पटेल असं मला म्हणता आलं नाही. मी अशी बाई आहे की तांबारलेल्या डोळ्यांचा ड्रायव्हर दिसला तर त्याच्या हातात मालाची बिल्टी देत नाही, मग तो कितीही ओरडो आणि मालक कितीही फोन करो. हे मला बरोबर वाटतं आणि पुढेही करीन. पण माझ्यासमोर येऊन "परवा घेतली" कोण म्हणेल? मी त्यांना घरी चला एवढंच म्हटलं. तेराव्यानंतर ते जळगावला आमच्याकडे आले. रिकाम्या घरात झोप लागत नाही म्हणाले.

गेल्या आठवड्यात सकाळी चहा झाला तरी उठले नाहीत. अनिल हाक मारायला गेले आणि त्यांचा आवाज ऐकून मी हातातलं तसंच टाकून धावले. भाऊजी हलवले तरी जागे होईनात. मी गादीची कड उचलली. खाली गोळ्यांचा पत्रा होता, अर्धा फाटलेला, पण नाव वाचता येत होतं. पिशवीत घालून पर्समध्ये टाकला. शेजारच्यांच्या रिक्षातून सरकारी दवाखान्यात नेलं.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीण होती. आणि दाराजवळच्या टेबलाशी हवालदार, समोर वही उघडी.

"काय झालं? काय घेतलंय का यांनी?"

अनिल म्हणाले, "नाही हो. काल बाहेरून डबा मागवला होता. काहीतरी खाण्यात आलं असेल."

अक्का, तेच वाक्य. तुम्ही त्यांना कधी सांगितलेलं नाही, मी सांगितलेलं नाही. तुमचंच वाक्य तुमच्या भावाच्या तोंडून निघालं, जसं काही घराण्यात चालत आलंय. आणि खरी गोष्ट पुढे आहे. मी, जी सभागृहात उभी राहून टाळ्या घेऊन आले, ती मी त्या हवालदाराकडे बघत होते. माझ्या मनात आलं की अनिल म्हणतात तेच राहू दे. डॉक्टर आहेत, बघतील त्या. जुनी केस आहे. आमच्या मुलीचं लग्न ठरतंय. हे सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं.

मग मला तुम्ही दिसलात. मेट्रनच्या वेशात, सलाईनकडे बघत उभ्या.

मी पर्स उघडली. "डॉक्टर, डब्यातलं काही नाही. हे घेतलंय. गादीखाली सापडलं. आधीपासून घेतात."

"अगं!" अनिल माझा दंड धरून कुजबुजले. "पोलिस बसलाय! केस होईल!"

"होऊ द्या."

डॉक्टरनं पत्रा उजेडात धरला आणि सिस्टरला भराभर काय काय सांगायला लागली. जाता जाता मला म्हणाली, "बरं झालं आणलंत. नाहीतर आम्ही पोटाकडेच बघत बसलो असतो."

हवालदार उठून आले. पोट सुटलेले, दमलेले, माझ्याच वयाचे असतील. "ताई, जीव द्यायला घेतल्या का? गोळ्या कुठून आणल्या?"

"जीव द्यायला नाही, सवयीनं घेतल्या. कुठून ते मला माहीत नाही. पण आत्ता त्यांना काही विचारायचं नाही."

"आम्हाला नोंद करावी लागते."

"करा. सांगणारी म्हणून माझं नाव घाला. आणि स्वतःहून उपचाराला आणलंय, तेही लिहा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. वाईट माणूस नव्हता तो. मला पाण्याची बाटलीही आणून दिली. पण तो तिथं बसला होता म्हणून अनिल खोटं बोलले, आणि मी खोटं बोलता बोलता राहिले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा पकडू नका हा तुमचा मुद्दा, घ्या, मी मान्य करते. दुकानांचा मुद्दा मी सोडलेला नाही. या गोळ्या परवाना असलेल्या दुकानातच मिळतात, अक्का. चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत असा नियमही आहे. मग त्या गादीखाली कशा आल्या? याचं उत्तर तुम्ही मला द्यायला हवं होतं. मी तुमच्याशी या विषयावर अजून पुष्कळ भांडले असते.

संध्याकाळी भाऊजी शुद्धीवर आले. अनिल चहा आणायला खाली गेले होते. मी स्टुलावर बसून मोसंबी सोलत होते.

"दादा सांगत होता, तुम्ही पोलिसासमोर सांगितलं."

"हो."

ते छताकडे बघत म्हणाले, "अक्का नसती बोलली."

रागानं नाही म्हणाले. साधं म्हणाले. म्हणाले, "मागच्या वेळी मी पूर्ण बेशुद्ध नव्हतो, वहिनी. मला ऐकू येत होतं. डॉक्टर विचारत होते आणि अक्का म्हणाली, खाण्यात आलं. एवढी मेट्रन अक्का. तिनंसुद्धा झाकलं. तेव्हाच कळलं, ही गोष्ट बाहेर बोलायचीच नसते. तिच्यापाशी बोलायचं, बस."

मोसंबीची फोड माझ्या हातात राहिली. तुम्ही त्यांना वाचवलं म्हणून ते तुम्हाला धरून आहेत, असं तुम्हाला वाटत होतं. आणि ते इतकी वर्षं तुमच्या त्या एका वाक्यावरून शिकत होते की गप्प बसायचं असतं. तुम्हा दोघांनी एकाच ओट्यावर बसून हे एकमेकांना कधी सांगितलं नाहीत.

मी शब्द दिला होता, अक्का. पण तुम्ही असतात तर तुम्हीच तो सोडवून घेतला असतात, असं मी ठरवलं. रागावला असाल तर रागवा.

"बोलली होती," मी म्हटलं. "तुम्हाला ऐकू आलं ते अर्धं. नंतर तिनं डॉक्टरला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. थोडा उशीर झाला तिला. तो उशीर तिला आयुष्यभर पुरला. म्हणून ती भाषणं करत फिरायची."

भाऊजींनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांची पाठ हलत होती. मी काही केलं नाही. तुम्ही पाठीवरून हात फिरवला असता, मला ते जमत नाही. मी फोडी बशीत ओळीनं लावल्या. पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीला दोन दिल्या. अनिल चहा घेऊन आले, आमच्याकडे बघितलं आणि परत बाहेर गेले.

मग भाऊजी भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलले.

"वहिनी, दुकानमा कोपरामा जुनी मोटर शे. उघडेल. तिनामा आजून गोळ्या शेतस."

मी काहीच विचारलं नव्हतं, अक्का.